दुखण्याआधीची तपासणी

“मला काय धाड भरली आहे?” हुलसुरात काय किंवा अन्यत्र काय, दवाखान्याचे नाव काढताच पुष्कळ वडीलधारी मंडळी असेच म्हणतात. परंतु उच्च रक्तदाब व मधुमेह हे मुके चोर होत. ते बहुधा काही न दुखवता शरीरात शिरतात आणि हृदय, मूत्रपिंडे व डोळे पोखरतात, पक्षाघातही ओढवतो. रक्तदाब वारंवार १४०/९० किंवा अधिक भरल्यास तो उच्च समजतात. पण दंडाला पट्टा बांधल्यावाचून हे कळावे कसे? २०१० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली आज तिशीपुढील स्त्रीपुरुषांची ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य होते. विद्यार्थी मित्रहो, आजीआजोबांना नुसता उपदेश करू नका. त्यांच्यासोबत केंद्रात जा आणि तेथील आकडे वहीत टिपून ठेवा.