निर्माता म्हणजे कोण ?

चित्रपटाच्या आरंभीं पडद्यावर नामावली सरकूं लागली, कीं बहुतेक प्रेक्षक आपसांत बोलत असतात. नायक-नायिकेचें नांव आलें म्हणजे क्षणभर माना वर होतात. 'निर्माता', 'सहनिर्माता', 'कार्यकारी निर्माता' हीं नांवें मात्र तशींच निघून जातात. गेल्या सत्रांत नववीच्या वर्गांत आम्हीं सहज विचारलें, "निर्माता म्हणजे कोण ?" एका चुणचुणीत मुलानें तत्काळ उत्तर दिलें, "सर, पैसे घालतो तो." उत्तर अगदींच चुकीचें नव्हतें, परंतु अपुरें होतें. तो अपुरेपणा भरून काढावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

हा विषय समजण्यास घरचेंच उदाहरण घेणें बरें. धुंडिराज गोविंद फाळके यांनीं मुंबईंत ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहिला, आणि आपल्या देशांतील कथाही अशाच पडद्यावर आणाव्या असें त्यांच्या मनानें घेतलें. विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून ते १९१२ सालीं लंडनला गेले व यंत्रसामग्री घेऊन आले. भांडवल देणाराची खात्री पटावी म्हणून त्यांनीं वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित करून दाखविली. स्त्रीभूमिकेसाठीं कोणी स्त्री मिळेना, तेव्हां उपाहारगृहांत काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांस तारामती केलें. अखेर ३ मे १९१३ रोजीं 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांसमोर आला.

आतां यांत निर्मात्याचीं कामें किती झालीं, तें मोजूं. कथा निवडणें, भांडवल उभें करणें, माणसें जमविणें, रोजचा खर्च भागविणें आणि तयार झालेला चित्रपट लोकांपर्यंत नेणें, अशीं हीं पांच कामें होत. त्या काळीं तीं एकाच्याच शिरावर पडलीं. पुढें धंदा वाढला, तसे या पांच कामांचे वांटेकरी झाले. निर्मात्यांचे निरनिराळे प्रकार निघाले ते यामुळेंच.

पहिला, मुख्य निर्माता. कथेच्या निवडीपासून प्रदर्शनापर्यंत सर्व जबाबदारी याची. अमेरिकेंतील ऑस्कर पारितोषिकांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें पारितोषिक दिग्दर्शकास दिलें जात नाहीं, निर्मात्यास दिलें जातें, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

दुसरा, कार्यकारी निर्माता. हॉलिवुडच्या चित्रपटांत हा बहुधा भांडवल मिळवून देणारा, कथेचे हक्क आणणारा किंवा ज्याच्या नांवावर दुसरे पैसे घालण्यास तयार होतात असा मनुष्य असतो. आपल्याकडे मात्र कंपनीच्या वतीनें रोजची देखरेख करणारासही पुष्कळदां हेंच नांव देतात. तेव्हां शब्द एक असला तरी काम एकच असेल असें नाहीं.

तिसरा, सहनिर्माता. हा भांडवलांत किंवा कामांत भागीदार असतो.

चौथा, लाइन प्रोड्यूसर. चित्रपटाच्या अंदाजपत्रकांत एक रेघ मारलेली असते. कथा, दिग्दर्शक आणि प्रमुख नट यांचा खर्च रेघेच्या वर. गाड्या, मुक्काम, जेवण, परवाने व मजुरी हा खर्च रेघेच्या खालीं. त्या खालच्या खर्चाची चिंता वाहणारा तो हा. पावसानें चित्रीकरण थांबलें, तर शंभर माणसांच्या त्या दिवसाच्या भाकरीचा हिशेब यालाच द्यावा लागतो.

पांचवा, असोसिएट निर्माता. हा मुख्य निर्मात्याचा मदतनीस. परंतु केवळ मान म्हणूनही ही पदवी वाटली जाते. म्हणूनच अमेरिकेंतील निर्मात्यांचा संघ, ज्यानें खरोखर काम केलें त्याच्याच नांवापुढें आपलें चिन्ह लावूं देतो.

दूरचित्रवाणीची रीत थोडी निराळी आहे. मालिकेचे भाग शेंकडों असतात, दिग्दर्शक बदलतात. कथेचा धागा तुटूं न देणें हें काम निर्मात्याकडे येतें. अमेरिकेंत तर मुख्य लेखकच पुष्कळदां कार्यकारी निर्माता असतो, व त्यास शोरनर म्हणतात. आपल्या देशांत १५ सप्टेंबर १९५९ रोजीं दिल्लीस दूरचित्रवाणी सुरू झाली, तेव्हां कार्यक्रम करणारें सरकारच आणि दाखविणारेंही सरकारच होतें. १९८४ सालीं 'हम लोग' मालिका आली, तींत प्रायोजक पुढें आले. आज बहुधा वाहिनी पैसे देते आणि निर्मितिसंस्था मालिका तयार करते.

एक उदाहरण तर फारच गोड आहे. १९७६ सालच्या श्याम बेनेगल दिग्दर्शित 'मंथन' या चित्रपटासाठीं गुजरातेंतील पांच लक्ष शेतकऱ्यांनीं प्रत्येकीं दोन रुपये दिले. गुणाकार विद्यार्थ्यांनींच करावा. हे दूध घालणारे शेतकरी त्या चित्रपटाचे निर्माते ठरले !

पालकांसही दोन शब्द सांगणें आम्हांस अगत्याचें वाटतें. आमचा एक माजी विद्यार्थी नट होण्याच्या आशेनें मुंबईस गेला. निर्माता म्हणविणाऱ्या एका गृहस्थानें भूमिका देण्याचें आश्वासन देऊन त्याच्याकडून पैसे घेतले. ते वडिलांनीं बहिणीच्या लग्नासाठीं सांठविलेले होते. भूमिका मिळाली नाहीं, आणि तो गृहस्थही पुन्हां भेटला नाहीं. निर्माता म्हणजे काम करणारास पैसे देणारा. काम मागावयास आलेल्या मुलाकडून पैसे घेणारा नव्हे, एवढें जरी त्याला ठाऊक असतें, तरी तें घर वांचलें असतें. तें आम्हीं त्याला शिकविलें नव्हतें, याची खंत आम्हांस आहे. सुदैवानें तो मुलगा खचला नाहीं. आज तो एका लाइन प्रोड्यूसरच्या हाताखालीं हिशेब लिहितो, आणि रेघेच्या खालची गोष्ट आम्हांस त्यानेंच समजावून दिली.

शेवटीं फाळक्यांकडेच वळूं. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनीं आपले दागिने दिले, काम करणाऱ्या सर्व मंडळींचा स्वयंपाक केला, शिवाय फिल्म धुण्याचें कामही शिकून केलें. आजच्या हिशेबानें त्यांस निर्मात्याच्या दोन-तीन पदव्या तरी सहज मिळाल्या असत्या. तेव्हां पुढील खेपेस नामावली सरकूं लागेल, तेव्हां मुलांनो, बोलणें थांबवून ती शेवटपर्यंत वाचा. आणि कोणत्या नांवानें कोणतें ओझें उचललें असेल, याचा विचार करा.