डोंगरवाटेची काठी : स्वस्त की महाग?

सत्तरी तालुक्यातील सुर्ला हे गाव चोर्ले घाटाच्या परिसरात, गोवा-कर्नाटक सीमेलगत वसले आहे. (डिचोली तालुक्यातील याच नावाचे गाव निराळे.) येथील रानवाटा पावसाळ्यात शेवाळाने निसरड्या होतात. अशा उतारावर पाय घसरला, तर हातातील काठीच माणसाला सावरते. म्हणून ती पारखून घेणे अगत्याचे आहे.

परदेशांत दुर्गम रानात शिकारीस जाणारे लोक अशा काठ्यांची जोडी वापरतात. शिकारीचे ओझे पाठीवर घेऊन उतरताना गुडघ्यांवरील भार त्यामुळे हलका होतो. आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये शिकारीस मनाई असून, १९९९ साली सत्तरीतील सुमारे २०८ चौरस किलोमीटर क्षेत्र म्हादई अभयारण्य म्हणून घोषित झाले. तथापि वनरक्षक, प्राणिगणना करणारे कार्यकर्ते आणि परवानगीने विद्यार्थ्यांना रान दाखविणारे शिक्षक यांच्यापुढे ओझे व उतार हे दोन्ही प्रश्न आहेतच.

बाजारात एकात एक सरकणाऱ्या नळ्यांच्या काठ्या मिळतात. किमतीतील फरक मुख्यतः तीन गोष्टींमुळे पडतो : नळीचे साहित्य, सांध्याची कळ आणि मूठ. अनेक स्वस्त काठ्यांचे सांधे पिळून घट्ट करावे लागतात. चिखलपाणी आत शिरले की ते सैल पडतात आणि ऐन उतारावर काठी खचते. बाहेरून दाबून बसणारी खटक्याची कळ अधिक भरवशाची. महाग काठ्या बहुधा कार्बन तंतूंच्या असतात. त्या हलक्या असतात. परंतु दगडावर आपटून चीर पडल्यास अकस्मात तुटतात. ॲल्युमिनियमची काठी वाकते, पण बहुधा तुटत नाही. वाकलेल्या काठीने निदान घर गाठता येते. सबब आमच्या खडकाळ वाटांसाठी खटक्याच्या कळीची, मध्यम किमतीची ॲल्युमिनियमची काठी पुरेशी आहे. रोज दूरवर चालणाऱ्याने मात्र वजनाचा विचार करून जादा खर्च करावा.

काठी घेताना पुढील दक्षता घ्यावी :

१. कळ बसवून काठीवर अंगाचा भार टाकावा. नळी आत सरकली तर ती काठी घेऊ नये.

२. काठी टेकवून मूठ धरली असता कोपर काटकोनात असावे. चढणीवर ती थोडी आखूड व उतरणीवर थोडी लांब करावी.

३. जांभ्या दगडाच्या भेगांतून चालताना हात पट्ट्यातून मोकळा ठेवावा. टोक अडकल्यास मनगट दुखावते.

४. घरी परतल्यावर नळ्या सुट्या करून पुसाव्यात व वाळवाव्यात. सांध्यांना तेल लावू नये.

ज्यांना हा खर्च परवडत नाही, त्यांना कोकणातील माणगा अथवा मेस जातीचा भरीव बांबू उपयोगी पडतो. तो आपल्या बागायतीतूनच घ्यावा, अभयारण्यातून तोडू नये. बेताच्या जाडीची, वाळलेली, बिनचिरेची काठी निवडावी. तिला सांधा नसल्याने ती खचण्याची भीती नाही.

काठीची खरी किंमत दुकानात नव्हे, उतारावर कळते. ती तेथे अंगाचा भार पेलते की नाही, एवढेच खरेदीपूर्वी पाहावे.