हाडांची शिदोरी : रजोनिवृत्तीनंतरचे अस्थिआरोग्य

आपल्या वसतिगृहाच्या आरंभीच्या तुकड्यांतील मुली आज पन्नाशीच्या उंबरठ्यावर उभ्या आहेत. घर, नोकरी आणि समाजकार्य सांभाळताना स्वतःच्या प्रकृतीकडे पाहण्यास त्यांना सवड मिळत नाही. माझी आई मोरीत घसरली आणि खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळली, तेव्हा ‘वय झाले’ एवढेच आम्ही म्हणालो. वस्तुतः कित्येक वर्षे तिची पाठ वाकत होती, उंची घटत होती. त्या खुणा मला वाचता आल्या नाहीत. आज मी स्वतः त्या वयात असताना हे लिहिणे कर्तव्य वाटते.

हाड कसे झिजते?

हाड ही सजीव वस्तू आहे. त्यातील जुना भाग सतत विरघळतो आणि नवा भरला जातो. साधारण तिशीपर्यंत भर अधिक पडते. पुढे झीज हळूहळू वरचढ होते. इस्ट्रोजेन हे स्त्रीसंप्रेरक या झिजेला आवर घालते. रजोनिवृत्तीनंतर ते घटते आणि पहिल्या पाच-सात वर्षांत काही स्त्रियांची २० टक्क्यांपर्यंत अस्थिघनता कमी होते. हा संबंध अमेरिकन वैद्य फुलर ऑल्ब्राइट यांनी १९४१ च्या सुमारास मांडला. अस्थिविरलता, म्हणजेच ऑस्टिओपोरोसिस, दुखत नाही; मनगट, मणका किंवा खुबा मोडतो तेव्हाच बहुधा तिचा पत्ता लागतो.

धोका कोणाला?

पंचेचाळिशीपूर्वी पाळी गेलेल्या, अतिकृश, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या, तंबाखू वा मिशरी वापरणाऱ्या आणि आईवडिलांपैकी कोणाचा खुबा मोडलेला असलेल्या स्त्रियांनी अधिक जागरूक राहावे.

येथे एक सामाजिक वास्तव नोंदविले पाहिजे. २०१९ मध्ये राज्य शासनाच्या समितीमार्फत झालेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. गर्भाशयासोबत बीजाशयेही काढली, तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते. ती राखली, तरी ती लवकर येण्याची शक्यता वाढते. तिशीत अशी शस्त्रक्रिया झालेल्या आणि पुढेही मोळ्या वाहणाऱ्या भगिनीची हाडे अकाली खंगतात. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी ‘ती खरोखर आवश्यक आहे काय? बीजाशये राखणार काय?’ हे प्रश्न विचारणे, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे आणि कागदपत्रे जपून ठेवणे हा आपला हक्क आहे.

निदान आणि उपाय

डेक्सा नावाच्या तपासणीने अस्थिघनता मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली असल्यास अस्थिविरलता समजावी. पासष्टीनंतर ही तपासणी करावी. वरीलपैकी धोका असल्यास किंवा किरकोळ पडण्याने हाड मोडल्यास त्याआधीच करावी. प्रभावी औषधे उपलब्ध आहेत. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत.

रजोनिवृत्तीनंतर रोज सुमारे १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. ४०० मिलिलिटर दूध वा दह्यातून साधारण ४८०, तर १०० ग्रॅम नाचणीच्या पिठातून ३५० मिलिग्रॅम मिळते. तिळाची चटणी, राजगिरा-शेवग्याचा पाला आणि काट्यांसह खाल्ली जाणारी सुकी मासळी उरलेली भर घालतात. डाळी, अंडी यांतील प्रथिनेही हवीत. ‘ड’ जीवनसत्त्वासाठी ऊन घ्यावे. कमतरता आढळल्यास औषध घ्यावे. मूतखडा झालेल्यांनी कॅल्शियमच्या गोळ्या परस्पर सुरू करू नयेत.

झपझप चालणे, जिने चढणे, बेताचे वजन उचलणे यांनी हाडे बळकट राहतात. ज्यांचा मणका आधीच मोडला आहे, त्यांनी मात्र वाकून ओझे उचलू नये. मोरी कोरडी ठेवावी, आधाराला दांडी बसवावी, रात्री वाटेवर दिवा असावा. तंबाखू-मिशरी सोडावी.

मुलींचे काय?

म्हातारपणी पुरणारी हाडांची शिदोरी बहुतांशी विशीच्या आतच बांधली जाते, म्हणजे मुली आपल्या वसतिगृहात राहतात त्याच वर्षांत. त्यांच्या ताटातील नाचणी, पेल्यातील दूध आणि मैदानावरचा एक तास ही चाळीस वर्षांनंतरच्या आरोग्याची तरतूद होय. माजी विद्यार्थिनींनी आपली तपासणी करावी, आईची उंची भिंतीवर खूण करून मोजावी आणि ती तरुणपणापेक्षा चार सेंटिमीटरने घटली असल्यास तिला डॉक्टरांकडे न्यावे. मला ती खूण करता आली नाही. तुम्हाला अजून करता येईल.