नववीत धावायला लागले, उशीर झाला का?

प्रश्न : मी नववीत आहे. तालुक्याच्या स्पर्धेत १५०० मीटर धावले आणि आता त्याचंच वेड लागलंय. पण लहानपणापासून सराव नसेल तर उपयोग नाही, असं सगळे म्हणतात. रोज दहा किलोमीटर धावू का?
— एक विद्यार्थिनी, डिचोली, गोवा

उत्तर : उशीर मुळीच झालेला नाही. बीडचा अविनाश साबळे धावपटू म्हणून पुढे आला तो बारावीनंतर, सैन्यात गेल्यावर. २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ३००० मीटर स्टीपलचेसचं रौप्यपदक मिळवलं.

रोज दहा किलोमीटर मात्र नको. आठवड्यातून चार दिवस, गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने, शाळेच्या मातीच्या मैदानावर धाव. वेगाचा सराव एकच दिवस. नडगी दुखली तर थांब. ‘होईल सवय’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस. खनिजाचे ट्रक धावतात त्या रस्त्यावर अंधारात एकटी जाऊ नकोस, पावसात शेवाळलेल्या जांभ्यावर तर नाहीच. नेहमीपेक्षा लवकर दम लागू लागला किंवा पाळी चुकू लागली, तर डॉक्टरांना भेट, हिमोग्लोबिन तपासून घे.

सिंथेटिक ट्रॅक बांबोळीला आहे. स्पर्धेआधी दोन-तीनदा गेलीस तरी पुरे. शाळेतल्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांशी मात्र याच आठवड्यात बोल. शालेय स्पर्धांची नावं त्यांच्यामार्फतच जातात.