नुसता फोन घेण्याचे 199 रुपये कसले?

प्रश्न : आम्ही गाणगापूरचे, घरात पूजेचं काम. सासूबाईंकडे बटणांचा साधा फोन आहे. सोलापूर, पुणे, सांगलीकडच्या यजमानांच्या डायऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं तोच नंबर लिहिलेला आहे. अभिषेकाची तिथी ठरवायला, पौर्णिमेला उतरायची सोय विचारायला त्यावरच फोन येतात. सासूबाई स्वतः कोणाला फोन लावत नाहीत. पूर्वी अधूनमधून दहा-वीस रुपये टाकले की भागायचं. आता 28 दिवस उलटले की आधी जाणारे फोन बंद होतात, काही दिवसांनी येणारेही बंद. परत चालू करायला 199 रुपये. दुकानदार म्हणतो, यात नेटपण आहे की! बटणांच्या फोनवर नेट घेऊन काय करायचं? जी बाई फोन करतच नाही, तिनं पैसे कशाचे भरायचे? यापेक्षा स्वस्तात काही होईल का? आणि सगळ्या कंपन्यांचे दर एकदमच कसे वाढतात, याला कायदा नाही का?
एक वाचक, देवल गाणगापूर

उत्तर : सासूबाई फोन लावत नाहीत हे खरं, पण त्यांना येणाऱ्या फोनवर त्यांची कंपनी पुष्कळ वर्षं कमाई करत होती. ती कमाई आटली आणि बिल सासूबाईंकडे आलं.

1995 मध्ये आपल्याकडे मोबाइल सुरू झाला तेव्हा फोन घेणाऱ्यालाही मिनिटामागे पैसे पडत. नाटपेड पत्रासारखा प्रकार होता तो : पाठवणारा मोकळा, सोडवून घेणाऱ्याच्या खिशाला कात्री. लोक नंबर बघून फोन तोडायचे आणि जवळच्या एसटीडी बूथवरून उलटा लावायचे. 1 मे 2003 पासून हे बदललं. फोन लावणाऱ्यानं पैसे द्यायचे, घेणाऱ्याला फुकट, असं ठरलं. पण टॉवर, यंत्रणा आणि वीज घेणाऱ्याच्या कंपनीचीही खर्ची पडतेच. म्हणून 'ट्राय'नं, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, सोय लावून दिली की ज्या कंपनीचा ग्राहक फोन लावेल तिनं तो उचलणाऱ्याच्या कंपनीला मिनिटामागे ठरावीक रक्कम द्यावी. याला आययूसी म्हणत, इंटरकनेक्ट युसेज चार्ज. 2009 च्या एप्रिलपासून हा आकार 20 पैसे होता, मार्च 2015 पासून 14 पैसे.

आता सासूबाईंचा हिशोब मांडू. दुसऱ्या कंपन्यांच्या फोनवरून महिन्याला 300 मिनिटं त्यांच्याशी बोलणं होत असेल, तर 14 पैशांच्या दरानं त्यांच्या कंपनीला घरबसल्या 42 रुपये मिळत. त्यांनी रिचार्ज केला काय, न केला काय, नंबर चालू राहणं कंपनीच्या हिताचं होतं. 2005 च्या अखेरीस निघालेल्या 'लाइफटाइम' योजना आठवत असतील. एकदा 999 रुपये भरा आणि फोन कायमचा वाजत राहील, असा वायदा होता. कंपन्यांना आलेला तो दानधर्माचा झटका नव्हे. घेणारा ग्राहकही मिनिटागणिक पैसे आणत होता, म्हणून तो वायदा परवडत होता.

5 सप्टेंबर 2016 ला जिओ आली आणि बोलणं फुकट झालं. नव्या कंपनीचे ग्राहक फोन लावणार जास्त, आणि ते जाणार जुन्या कंपन्यांकडे. त्यामुळे आययूसीचा भार नव्या कंपनीवर आणि मिळकत जुन्यांना. एअरटेल, व्होडाफोन, आयडिया म्हणत हा आकार ठेवा, जिओ म्हणे काढा. 'ट्राय'नं 1 ऑक्टोबर 2017 पासून तो 14 वरून 6 पैशांवर आणला आणि पुढे शून्य करायचं ठरवलं. शून्याची तारीख पुढे ढकलण्याच्या हालचाली सुरू झाल्या, तेव्हा जिओनं ऑक्टोबर 2019 पासून इतर कंपन्यांकडे लावलेल्या फोनला आपल्याच ग्राहकांकडून मिनिटाला 6 पैसे घेतले. तारीख वर्षभर पुढे गेलीच, आणि अखेर 1 जानेवारी 2021 पासून आययूसी संपला.

मधल्या भांडणातला एक प्रकार तर सांगितल्याशिवाय राहवत नाही. 2019 मध्ये कंपन्यांनी फोनची घंटी वाजण्याचा वेळच कमी करायला सुरुवात केली. घंटी लवकर थांबली की फोन उचलायचा राहतो, मग ज्याला फोन आला होता तो उलटा फोन लावतो, आणि 6 पैशांची दिशा फिरते! गोष्ट इतकी ताणली की 'ट्राय'ला 1 नोव्हेंबर 2019 ला आदेश काढावा लागला : मोबाइलची घंटी 30 सेकंद वाजली पाहिजे, घरच्या फोनची 60. तुमच्या सासूबाई पडवीतून आत येईपर्यंत फोन वाजत राहत असेल, तर त्या 30 सेकंदांमागे हा इतिहास आहे.

सासूबाईंच्या 300 मिनिटांचे 42 रुपयांचे 18 झाले, आणि 2021 पासून काहीच नाही. कंपन्यांना हे आधीच दिसत होतं. नोव्हेंबर 2018 मध्ये एअरटेल आणि व्होडाफोन आयडियानं किमान रिचार्जची सक्ती आणली, 28 दिवसांना 35 रुपये. खात्यात शिल्लक असतानाही फोन बंद होऊ लागल्यावर तक्रारी झाल्या, 'ट्राय'नं कंपन्यांना हटकलं, ग्राहकाला नीट कळवा असं सांगितलं. सक्ती मात्र राहिली. जुलै 2024 मध्ये या दोन्ही कंपन्यांचा 28 दिवसांचा नेहमीचा साधा प्लॅन 199 रुपयांवर पोचला.

आययूसी काढला हे चूक झालं असं मी म्हणणार नाही. मिनिटं मोजून बोलण्याची धास्ती त्यामुळे संपली. पण सवलत गेली बोलणाऱ्यांना आणि वसुली आली ऐकणाऱ्यांवर. नुसता फोन घेणारे म्हातारे, दुसरं सिम जपणारे, महिन्यातून दोनदा गावाकडे बोलणारे मजूर यांचं काय होणार, हा प्रश्न त्या वेळी नियमात कुठेच बसवला गेला नाही. नियामकानं दोन कंपनी-गटांमधला तंटा सोडवला आणि तिसऱ्याचं घर उन्हात गेलं.

तुमच्या भागाला हे जास्तच लागलं असणार. आपली दूरसंचार मंडळं राज्यवार, महाराष्ट्र-गोवा एक, कर्नाटक वेगळं. दुधनी ओलांडून गाडी गाणगापूर रोडकडे निघाली की यात्रेकरूंचे फोन रोमिंगमध्ये जात. मे 2015 मध्ये 'ट्राय'नं कमाल दर उतरवल्यावरही रोमिंगमध्ये नुसता फोन घ्यायला मिनिटाला 45 पैशांपर्यंत पडत. म्हणून सीमेवरची माणसं दोन सिमं बाळगत, एक सोलापूरकडचं आणि एक कलबुर्गीकडचं. जिओनं रोमिंग फुकट केलं आणि एप्रिल 2017 पासून एअरटेललाही देशातलं रोमिंग काढावं लागलं. स्पर्धेनं दिलेलं हे खरं सुख. पण दुसरं सिम नुसतं जपायचं म्हटलं तरी लवकरच त्याचे वेगळे महिनेवारी पैसे सुरू झाले.

28 दिवसांचं गणित तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो, कारण दुकानदार ते सांगणार नाही. 28 दिवसांचे 13 'महिने' केले की 364 दिवस होतात, म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज. 199 च्या दरानं 2,587 रुपये. ओरड झाल्यावर 27 जानेवारी 2022 ला 'ट्राय'नं आदेश दिला की प्रत्येक कंपनीनं 30 दिवसांचे आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला संपणारे प्लॅनही ठेवावेत. ते आहेत. जाहिरातीत ठळक मात्र 28 वालेच असतात.

आता उपाय. 23 डिसेंबर 2024 ला 'ट्राय'नं नियम दुरुस्त करून कंपन्यांना नेट नसलेला, फक्त बोलणं आणि एसएमएसचा प्लॅन देणं बंधनकारक केलं आणि अशा प्लॅनची मुदत 90 ऐवजी 365 दिवसांपर्यंत नेता येईल असं ठरवलं. जानेवारी 2025 मध्ये हे प्लॅन बाजारात आले. एअरटेलचे 84 दिवसांना 469 आणि वर्षाला 1,849 रुपये, व्होडाफोन आयडियाचा 270 दिवसांना 1,460, जिओचे 84 दिवसांना 448 आणि 336 दिवसांना 1,748. आकडे बदलत राहतात, तेव्हा भरण्याआधी चालू दर बघा. दुकानात जाऊन 'नेट नको, फक्त कॉलचा' असं स्पष्ट म्हणावं लागतं. आपणहून कोणी दाखवत नाही. 2,587 च्या जागी 1,849 म्हणजे वर्षाला 738 रुपये वाचले. वाईट नाही, पण मला विचाराल तर हे अर्धंच काम झालं. नेटचं ओझं उतरलं, मात्र नुसतं ऐकणाऱ्यासाठी स्वस्त प्लॅन ठेवा असं नियम कुठेच म्हणत नाही. अमर्याद बोलणं त्यांच्या गळ्यात आहेच.

दुसरा मार्ग नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याचा. जुलै 2024 मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा बीएसएनएलनं वाढवले नाहीत, आणि त्या एका महिन्यात तिला 29 लाखांहून जास्त ग्राहक वाढले. घरात तिचं नेटवर्क येतं का ते आधी शेजाऱ्याच्या फोनवर बघा, अगदी मधल्या खोलीत उभं राहून. सासूबाईंचा फोन टूजीचा असेल तर त्यात जिओ चालणार नाही, तिचं टूजी नेटवर्कच नाही. बदलायचं ठरलं तर इंग्रजीत 'पोर्ट' लिहून, जागा सोडून नंबर टाकून 1900 वर एसएमएस करायचा. हा एसएमएस जाण्यासाठी महागड्या प्लॅनची अट लावू नका, असा आदेश 'ट्राय'नं डिसेंबर 2021 मध्ये दिला आहे. स्वस्त प्लॅनवाल्यांचा एसएमएसच बंद ठेवला की ते कंपनी सोडून जाणार कसे, ही युक्ती तोवर चालत होती.

काहीही करा, नंबर मात्र 90 दिवस निपचित पडू देऊ नका. 2013 पासूनचा नियम असा की 90 दिवस काहीच वापर नसेल तर कंपनी नंबर काढून घेऊ शकते. खात्यात 20 रुपये असतील तर ते कापून 30 दिवसांची मुदत वाढते. पण त्यानं नंबर फक्त तुमच्या नावावर राहतो, फोन वाजेलच असं नाही. काढून घेतलेला नंबर आणखी किमान 90 दिवसांनी दुसऱ्या कोणाला दिला जाऊ शकतो. मग अभिषेकाची तिथी विचारणारा यजमान कोणा अनोळखी घरी जाऊन पोचेल, आणि बँकेचे ओटीपीही.

राहिला कायद्याचा प्रश्न. 2024 मध्ये जिओनं 27 जूनला दरवाढ जाहीर केली, दुसऱ्या दिवशी एअरटेल आणि व्होडाफोन आयडियानं. अंमल 3 आणि 4 जुलैला. दिसायला संगनमतच दिसतं. पण 2002 चा स्पर्धा कायदा कंपन्यांमधला करार शोधतो, दरांमधलं साम्य नव्हे. एकानं उघडपणे दर वाढवले आणि बाकीचे मागोमाग गेले, तर करार सिद्ध करणं अवघड. त्यात 5 डिसेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयानं एअरटेल-जिओ वादात ठरवून दिलं की दूरसंचाराशी निगडित मुद्दे आधी 'ट्राय'नं तपासायचे, स्पर्धा आयोगाची पाळी नंतर. आणि रोमिंगसारखे अपवाद सोडले तर 'ट्राय' मोबाइलचे दर ठरवतच नाही. कंपन्यांनी ते ठरवावेत आणि सात कामाच्या दिवसांत कळवावेत, एवढंच. डझनभर कंपन्या एकमेकींच्या उरावर बसत होत्या तेव्हा हे धोरण शहाणपणाचं होतं. आता एअरसेल, रिलायन्स कम्युनिकेशन्स, टाटा, टेलिनॉर गेल्या, व्होडाफोन आणि आयडिया 31 ऑगस्ट 2018 ला एक झाल्या. तीन खासगी आणि एक सरकारी उरल्यावरही तेच धोरण चालू ठेवणं म्हणजे पहारेकरी घरी पाठवून दार उघडं ठेवणं.

नुसता दर जास्त आहे म्हणून तुम्हाला ग्राहक आयोगात दाद मिळणार नाही. मात्र पैसे घेऊन सेवा चालू केली नाही, न मागितलेल्या सेवेपोटी शिल्लक कापली, मुदतीआधी नंबर बंद केला, तर ती सेवेतली त्रुटी. दूरसंचाराच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालत नाहीत असं पूर्वी सांगितलं जाई. 16 फेब्रुवारी 2022 ला सर्वोच्च न्यायालयानं ती अडचण दूर केली. आधी कंपनीच्या 198 वर तक्रार करून क्रमांक घ्या, तिथं भागलं नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे, मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर किंवा थेट जिल्हा आयोगात. 2019 च्या कायद्यानुसार तक्रारदार राहतो तिथेच तक्रार दाखल करता येते, म्हणजे तुम्हाला कलबुर्गीपुरतंच जावं लागेल, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पुरावा म्हणून रिचार्जचे आणि पैसे कापल्याचे संदेश लागतात. बटणांच्या फोनची मेमरी लवकर भरते आणि घरातलं कोणीतरी सगळे संदेश एकदम पुसून टाकतं, तेव्हा त्याआधी दुसऱ्या फोननं त्यांचे फोटो काढून ठेवा, तारीख दिसेल असे.