हरताळ आणि काकपद

सोलापूर

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. लेखक चिडले, आणि तू म्हणतेस, मी तर फक्त संपादन केलं. सोबतचा कागद वाचला. त्यांचं 'आईनं दारातूनच भाकर दिली' काढून तू 'मातेने अन्नदान केले' लिहिलंस. बाळ, याला पुनर्लेखन म्हणतात. मीही चिडलो असतो.

तुमच्याकडे सगळ्यालाच 'एडिट मारणं' म्हणतात, तिथंच घोळ होतो. आमच्या वेळी कामागणिक शब्द वेगळा, आणि हात त्या शब्दापुरताच चालवायचा. मी मुद्रितशोधक. मूळ प्रत आणि प्रूफ ताडायचं, खिळे जुळवणाऱ्याची चूक काढायची, लेखकाच्या वाक्याला बोट लावायचं नाही. एकदा गिरणीच्या बातमीत 'सूत कमी पडले'चं 'सुत कमी पडले' झालं आणि माझ्या नजरेतून निसटलं. एका उकारानं धाग्याचा मुलगा झाला! तेही सोलापुरात. गंमत बघ, 'सुताचा' लिहिताना मात्र तोच उकार ऱ्हस्व बरोबर.

त्याही आधी, पोथी लिहिणारे चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा पिवळा लेप देत. 'हरताळ फासणे' तिथूनच आलं. गाळलेलं अक्षर काकपदाची खूण करून समासात लिहीत. मसुदा हा शब्द मुळात अरबी, अर्थ 'काळा केलेला'. खाडाखोड करून कागद काळा करायचा हक्क लेखकाचा, हे मी आपलं माझ्यापुरतं त्यातून काढलंय.

संपादन बघायचंय तर आपल्याच गावच्या जैन संस्कृती संरक्षक संघानं काढलेली 'तिलोयपण्णत्ती' बघ. आ. ने. उपाध्ये आणि हिरालाल जैन यांनी यतिवृषभांचा हा प्राकृत ग्रंथ हस्तलिखितं ताडून सिद्ध केला. पहिला भाग 1943 साली, दुसरा 1951 साली. प्राकृत कळलं नाही तरी चालेल, पानाच्या तळाशी बघ. जो पाठ त्यांनी घेतला नाही, तोही तिथं ठेवलाय, म्हणजे वाचणाऱ्याला त्यांचा निवाडा तपासता येतो. एवढ्या मोठ्या विद्वानांनी स्वतःवर हा पहारा बसवला. तू तर लेखकाला साधा फोनही केला नाहीस.

आता कर. भाकर परत ठेव.

तुझं पत्र परत पाठवतोय. 'सुचना' होतं, तिथला उकार तेवढा दीर्घ केलाय. बाकी मजकूर तुझा.

तुझा,
मामा