पूर्णेचा थेंब आणि विश्वाची वाट

प्रश्न : कृष्ण ऊर्जेसाठी मांडलेल्या अदिश क्षेत्राची समीकरणं सहसा पूर्ण सुटत नाहीत, असं वाचलं. मग विश्वाचं पुढे काय होणार, हे शास्त्रज्ञ कशाच्या आधारे सांगतात?
— एक विद्यार्थिनी, जाफराबाद (जि. जालना)

उत्तर : तुमच्याकडे केळना पूर्णेला मिळते. पावसाचा एखादा थेंब कोणत्या ओहोळातून, किती वळणं घेत तिथवर येईल हे कुणालाच मांडता येणार नाही. पण अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या दक्षिण उतारावरचं पाणी पूर्णेतून गोदावरीला आणि बंगालच्या उपसागराला जाणार, उत्तरेकडचं तापीतून अरबी समुद्राला, हे तुमच्या गावातली शेतकरी मंडळीही सांगतील. उतार माहीत असला की पुरतं.

समीकरणांचाही असा उतार पाहता येतो, हे गणितज्ञ आंरी प्वांकारे यांनी १८८०च्या दशकात दाखवलं. १९९८ मध्ये दूरच्या अतिनवताऱ्यांवरून विश्वाचा विस्तार वेगावतो आहे असं कळलं; तो वेगावणारी अनोळखी ऊर्जा म्हणजे कृष्ण ऊर्जा. त्याच वर्षी कोपलँड, लिडल आणि वँड्स या तिघा शास्त्रज्ञांनी अदिश क्षेत्राचा नकाशा काढला. अदिश क्षेत्र म्हणजे अवकाशात प्रत्येक ठिकाणी एक आकडा, तापमानासारखा, दिशा नसलेला. हा आकडा बदलतो त्याची गतिज ऊर्जा, आणि तो जिथे आहे तिथली स्थितिज ऊर्जा. एकूण ऊर्जेतले या दोघींचे वाटे घ्यायचे, उरलेला वाटा द्रव्याचा. सगळे मिळून एकच भरतात. गतिज वाट्याचं वर्गमूळ आडव्या अक्षावर आणि स्थितिज वाट्याचं उभ्या अक्षावर मांडलं, की सारा नकाशा अर्ध्या वर्तुळात मावतो. त्यातला एक बिंदू म्हणजे अख्ख्या विश्वाची त्या क्षणीची अवस्था! प्रत्येक बिंदूवर पुढची दिशा दाखवणारा बाण काढायचा; बाण जिथे शून्य होतो, तो स्थिर बिंदू.

द्रव्याचं राज्य असलेला स्थिर बिंदू मला सर्वांत मोलाचा वाटतो. तो घाटातल्या खिंडीसारखा आहे : दोन्ही बाजूंच्या शिखरांवरून वाट तिथे उतरते आणि तिथूनच खाली दऱ्यांत जाते. खिंडीजवळ उतार जवळजवळ नसतो, म्हणून विश्व तिथे रेंगाळतं. त्या रेंगाळण्यातच दीर्घिका घडल्या.

पुढे कुठे जायचं, ते क्षेत्राच्या स्थितिज ऊर्जेच्या घातांकी उताराचा तीव्रपणा, लॅम्डा, ठरवतो. लॅम्डाचा वर्ग २ हून कमी असेल तर विश्व शेवटी वेगावणाऱ्या विस्तारात स्थिरावतं, सुरुवात कुठूनही झालेली असो. २ ते ३ मध्ये क्षेत्राचंच राज्य येतं, पण विस्तार वेगावत नाही. ३ च्या वर गेला की क्षेत्र द्रव्याच्या पावलावर पाऊल टाकत राहतं.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थेतले थानू पद्मनाभन यांनी २००२ मध्ये टॅकिऑन क्षेत्र या वेगळ्या प्रकारच्या अदिश क्षेत्राबद्दल दाखवलं, की विस्ताराचा इतिहास हवा तसा ठरवला तरी त्याला जुळणारा उतार शोधून काढता येतो. म्हणजे नकाशा नीट बसला एवढ्यावरून तो उतार निसर्गात आहेच, असं ठरत नाही.

वहीत करून पाहा. लॅम्डा १ घेतला तर शेवटचा स्थिर बिंदू आडव्या अक्षावर ०.४१, उभ्यावर ०.९१ इथे येतो. या आकड्यांचे वर्ग म्हणजे ते दोन वाटे. तिथे दाब आणि ऊर्जाघनता यांचं गुणोत्तर उणे दोन तृतीयांश. निरीक्षणांतून कृष्ण ऊर्जेसाठी ते आज उणे एकच्या आसपास येतं. तेव्हा एक तर खरा उतार याहून मंद असेल, नाहीतर आपण त्या बिंदूपर्यंत अजून पोचलेलो नाही.